सेंट किट्सच्या पालापाचोळ्यातील दोन पाली: ओळख कशी पटवावी आणि वर्गीकरण का बदलते

सेंट किट्स या कॅरिबियन बेटावर शिक्षणासाठी राहणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वसतिगृहामागच्या पालापाचोळ्यात तिला अंगठ्याच्या पेराहून फारशा मोठ्या नसलेल्या पाली दिसतात. त्यांपैकी काहींच्या अंगावर कडा गडद असलेले फिकट आडवे पट्टे आहेत, तर काही लहानखुऱ्या, तपकिरी आणि बारीक ठिपक्यांच्या आहेत. हे एकाच पालीचे नर आणि मादी आहेत, पिल्ले आणि प्रौढ आहेत, की दोन निरनिराळ्या प्रजाती आहेत? मोबाइलवर काढलेल्या फोटोंवरून ते सांगता येईल का? आणि जुन्या पुस्तकात एक नाव, नव्या यादीत दुसरे, असे या पालींच्या बाबतीत वारंवार का होते?

आधी उत्तर देतो, मग त्यामागची कारणे सविस्तर मांडतो. तुम्ही पाहिलेल्या पाली बहुधा स्फेरोडॅक्टिलस या वंशाच्या दोन प्रजातींच्या आहेत: पट्टेवाली स्फेरोडॅक्टिलस स्प्युटेटर आणि ठिपक्यांची स्फेरोडॅक्टिलस सबानस. ‘बहुधा’ हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण तुम्ही पाठवलेले बहुतेक फोटो वरून, दुपारच्या उन्हात काढलेले आहेत आणि त्यांत रंगाखेरीज फारसे काही स्पष्ट दिसत नाही. या गटात रंग हा सर्वांत शेवटी विचारात घ्यायचा पुरावा आहे. आधी बोटे, मग ठिकाण, मग खवले आणि त्यानंतर रंग, असा क्रम मी बरीच वर्षे पाळत आलो आहे. तो मोडला तेव्हा मी चुकलो आहे.

एक खुलासा शब्दांविषयी. मराठीत ‘जाती’, ‘प्रजाती’ आणि ‘वंश’ हे शब्द निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळ्या पातळ्यांसाठी वापरलेले आढळतात आणि त्यातून बराच गोंधळ होतो. या उत्तरात सर्वांत मूलभूत एककाला प्रजाती, त्याच्या वरच्या पातळीला वंश आणि त्याहून वरच्या पातळीला कुळ म्हटले आहे. स्फेरोडॅक्टिलस हा वंश आहे आणि त्यात शंभराहून अधिक प्रजाती आहेत. त्यांतील बहुसंख्य कॅरिबियन बेटांवर आणि उरलेल्या मध्य अमेरिकेत व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात राहतात. त्याचे कुळ स्फेरोडॅक्टिलिडी. जुन्या पुस्तकांत हा सगळा गट गेकोनिडी या मोठ्या कुळात, म्हणजे आपल्या घरच्या पालींच्याच कुळात, ठेवलेला दिसेल. जनुकीय अभ्यासानंतर २००८ पासून तो स्वतंत्र कुळ म्हणून मानला जाऊ लागला. अरबस्तानातील प्रिस्ट्युरस आणि मध्य आशियातील वाळवंटांतील टेराटोसिंकस हे या कुळातलेच, म्हणजे कॅरिबियन पालींचे दूरचे नातलग आहेत.

पहिला प्रश्न असा विचारायचा की हातातली पाल स्फेरोडॅक्टिलस आहे तरी का. सेंट किट्सवर आणखी दोन पाली सहज भेटतात. एक हेमिडॅक्टिलस माबुया. मूळची आफ्रिकेतली ही पाल आता कॅरिबियनमध्ये घराघरांच्या भिंतींवर दिसते आणि आपल्याकडच्या भिंतीवरच्या पालीची ती सख्ख्या वंशातली बहीण आहे. दुसरी थेकाडॅक्टिलस रॅपिकॉडा. ती चांगली मोठी, दहा-बारा सेंटिमीटर धडाची, बोटांमध्ये पडदे असलेली असते आणि तिची पुन्हा उगवलेली शेपटी सलगमासारखी फुगते. थेकाडॅक्टिलसशी गल्लत होणार नाही. पण हेमिडॅक्टिलसचे नुकते अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू आणि पूर्ण वाढलेला स्फेरोडॅक्टिलस यांचा आकार जवळपास सारखा असतो आणि नवशिक्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते. अशा वेळी बोटे पाहावीत. हेमिडॅक्टिलसच्या बोटाखाली रुंद पट्टिका असतात आणि त्या मधोमध दुभंगलेल्या असतात. स्फेरोडॅक्टिलसचे बोट बारीक काडीसारखे असून त्याच्या टोकाला एकच छोटी वाटोळी गादी असते आणि नखी त्या गादीच्या एका बाजूला सरकलेली असते. या वंशाच्या ग्रीक नावाचा अर्थच ‘गोल बोटांची’ असा आहे. डोळ्याची बाहुलीही पाहावी. भिंतीवरच्या निशाचर पालीच्या बाहुलीची उजेडात मांजरासारखी उभी फट होते, तर स्फेरोडॅक्टिलसची बाहुली गोल किंवा किंचित लंबगोल राहते.

सह्याद्रीतल्या निमास्पिस पाली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना येथे एक मोह होतो. गोल बाहुली, लहान चण, दिवसाची वर्दळ, पडदे वा गाद्या नसलेली सडसडीत बोटे, हे सगळे कासच्या किंवा आंबोलीच्या निमास्पिसमध्ये दिसते आणि कॅरिबियनच्या दक्षिण भागातल्या गोनाटोडिस या वंशातही जवळजवळ तसेच्या तसे दिसते. परंतु निमास्पिस गेकोनिडी कुळातली आणि गोनाटोडिस स्फेरोडॅक्टिलिडी कुळातली आहे. दिवसा वावरण्याची आणि खडकांवर, बुंध्यांवर राहण्याची सवय दोन्हीकडे स्वतंत्रपणे आली आणि शरीरही त्याप्रमाणे घडले. साम्य दिसले की नाते असलेच पाहिजे, ही समजूत या दोन वंशांच्या बाबतीत टिकत नाही.

आता आकाराविषयी. ‘इतकी लहान म्हणजे पिल्लूच असणार’ असे येथे म्हणता येत नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील बेआता बेट आणि त्यालगतचे हारागुआ राष्ट्रीय उद्यान येथून २००१ मध्ये ब्लेअर हेजेस आणि रिचर्ड थॉमस या अभ्यासकांनी स्फेरोडॅक्टिलस अरिआसी ही प्रजाती वर्णिली, म्हणजे नवी प्रजाती म्हणून शास्त्रीय नाव देऊन नोंदवली. तिची प्रौढावस्थेतील लांबी नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत सुमारे १६ मिलिमीटर आहे. त्याआधी १९६५ मध्ये थॉमस यांनीच व्हर्जिन गोर्डा बेटावरून वर्णिलेली स्फेरोडॅक्टिलस पार्थेनोपियन सुमारे १८ मिलिमीटरपर्यंत वाढते. एवढ्या लहान शरीराचे आकारमानाच्या तुलनेत पृष्ठफळ फार मोठे असते, त्यामुळे पाणी झपाट्याने कमी होते. म्हणून या पाली ओलावा धरून ठेवणाऱ्या पाचोळ्याच्या थरात, दगडांखाली, नारळाच्या पडलेल्या झावळ्यांखाली राहतात. तिथे मात्र त्यांची संख्या थक्क करणारी असू शकते. ब्रिटिश व्हर्जिन बेटांपैकी ग्वाना बेटावर स्फेरोडॅक्टिलस मॅक्रोलेपिसची घनता हेक्टरी ५० हजारांहून अधिक मोजली गेली आहे. मादी एका वेळी एकच अंडे घालते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे मोल अधिक कळते.

लांबी नेहमी नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतच मोजावी, शेपटीसह कधीही मोजू नये. या पाली शेपटी सहज टाकतात आणि पुन्हा उगवलेल्या शेपटीवरचे खवले मूळ शेपटीसारखे नसतात. शेपटीचे खवले पाहून निष्कर्ष काढणाऱ्याने ती शेपटी पहिलीच आहे याची आधी खात्री करून घ्यावी.

यानंतर ठिकाण. मला स्वतःला हा भाग सर्वांत रंजक वाटतो. कॅरिबियन बेटे आजच्या नकाशात सुटीसुटी दिसतात, पण सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली होती. उथळ समुद्राने आज वेगळी केलेली अनेक बेटे तेव्हा सलग जमीन होती. अशा उथळ पठारांना तिकडे ‘बँक’ म्हणतात. प्वेर्तो रिको, व्हिएकस, कुलेब्रा आणि सेंट क्रॉई वगळता बाकीची व्हर्जिन बेटे एका बँकेवर आहेत. अँग्विला, सेंट मार्टिन आणि सेंट बार्थेलेमी दुसऱ्या बँकेवर आहेत. सेंट युस्टेशियस, सेंट किट्स आणि नेव्हिस तिसऱ्या बँकेवर आहेत, आणि सबा बेट जवळ असूनही खोल पाण्याने वेगळे राहिले आहे. पाल ओळखताना देशाची सीमा पाहू नये, बँक पाहावी. व्हर्जिन बेटांची वाटणी अमेरिका आणि ब्रिटनमध्ये झाली आहे, याचा पालींशी काहीही संबंध नाही.

तुमच्या बेटापुरते बोलायचे तर सेंट किट्सच्या बँकेवर या वंशाच्या दोनच प्रजाती नोंदल्या आहेत: स्प्युटेटर आणि सबानस. स्प्युटेटर अँग्विला बँकेवरही आहे आणि तिथे तिच्या सोबतीला स्फेरोडॅक्टिलस पार्वस असते. सबानसचे वर्णन डोरिस कॉक्रन यांनी १९३८ मध्ये केले. सबा बेटावरून तिला नाव मिळाले असले तरी ती सेंट युस्टेशियस, सेंट किट्स आणि नेव्हिस येथेही राहते, म्हणजे ती खोल पाणी ओलांडून गेलेली आहे. बँकेचा नियम उपयुक्त आहे, पण तो पालींनी नेहमी पाळलेला नाही. शंभराहून अधिक नावांतून दोन नावांवर येणे ही मात्र फार मोठी सोय आहे आणि ती केवळ ‘कुठे सापडली’ एवढ्या नोंदीने मिळते. ज्या फोटोसोबत बेटाचे नाव नसते, त्याबद्दल मी सहसा मत देत नाही.

या सोयीला धोका एकच आहे, तो म्हणजे माणसाची ने-आण. कुंड्यांतील माती, केळीचे घड, लाकूड आणि बांधकामाचे सामान यांच्यासोबत या पाली आणि त्यांची अंडी सहज प्रवास करतात. जमैकाची स्फेरोडॅक्टिलस आर्गस आणि क्युबाची स्फेरोडॅक्टिलस एलेगन्स या दोन्ही फ्लोरिडातील की वेस्ट येथे अशाच पोहोचलेल्या आहेत. त्यामुळे बंदर, रोपवाटिका आणि हॉटेलची बाग येथे सापडलेल्या पालीबाबत बेटाच्या यादीवर डोळे झाकून विसंबू नये.

आता रंग का फसवतो ते पाहू. त्यासाठी एलेगन्सचेच उदाहरण पुरेसे आहे. तिच्या पिल्लांच्या फिकट अंगावर ठसठशीत काळपट आडवे पट्टे असतात आणि शेपटी लालभडक असते. वाढ होताना पट्टे विरतात, लाल रंग जातो, आणि प्रौढ पाल तपकिरी, अंगभर बारीक फिकट ठिपक्यांची होते. या दोन अवस्था शेजारी ठेवल्या तर अनोळखी माणूस त्या दोन प्रजाती आहेत असेच म्हणेल, आणि पूर्वी अभ्यासकही तसेच म्हणत होते. स्फेरोडॅक्टिलस नोटाटसमध्ये हाच प्रकार नर आणि मादीत होतो. मादीच्या डोक्यावर गडद लांब रेघा असतात, तर नराच्या अंगावर नुसते ठिपके असतात. ग्वाडेलूपच्या स्फेरोडॅक्टिलस फँटॅस्टिकसमध्ये काही भागांतील नरांचे डोके गडद असते आणि त्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात, तर त्याच बेटाच्या दुसऱ्या भागात हे चित्र वेगळे असते. म्हणजे वय, लिंग आणि परिसर या तीन गोष्टी रंग बदलतात, आणि प्रजाती ही चौथी. त्यांतली नेमकी कोणती आपल्यासमोर आहे, हे रंग स्वतःहून सांगत नाही.

मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका संग्रहातील अल्कोहोलमध्ये ठेवलेले पट्टेदार नमुने वेगळे काढून त्यांना तात्पुरते वेगळे नाव दिले होते आणि काही महिने त्या कल्पनेवर काम केले होते. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली खवले मोजले, तेव्हा ती प्रौढांशेजारी ठेवलेली त्यांचीच पिल्ले निघाली. लिंग आणि वय ठरवल्याशिवाय रंगाची नोंद करायची नाही, हा धडा मी तेव्हापासून पाळतो.

तर मग खवले. आपण दुरून जिला गुळगुळीत समजतो, ती या पालींची पाठ भिंगाखाली कौलारू छपरासारखी दिसते. काही प्रजातींत पाठीवरचे खवले मोठे, एकमेकांवर चढलेले असतात आणि प्रत्येकाच्या मधोमध उंचवट्याची धार असते. काहींत ते बारीक दाण्यांसारखे असतात. काहींत पाठीच्या मध्यावरून दाणेदार खवल्यांचा अरुंद पट्टा जातो आणि दोन्ही बाजूंना मोठे खवले असतात. हा पट्टा आहे की नाही, हे पाठीवर सरळ पडलेल्या उजेडात कधीच दिसत नाही. तिरपा उजेड लागतो. जुन्या अभ्यासकांनी ही गोष्ट नावांतच गोवून ठेवली आहे. प्वेर्तो रिकोची ग्रँडिस्क्वामिस म्हणजे मोठ्या खवल्यांची, सेंट लुशियाची मायक्रोलेपिस म्हणजे बारीक खवल्यांची. हिस्पॅनिओला (हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक ज्यावर आहेत ते बेट) येथील एका प्रजातीला थॉमस बार्बर यांनी १९१४ मध्ये डिफिसिलिस, म्हणजे ‘अवघड’, असे नाव दिले. या गटावर काम करणाऱ्या कोणालाही ते नाव मनापासून पटते.

मोजणीच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या बदलू नयेत, नाहीतर आपली संख्या दुसऱ्याच्या संख्येशी ताडता येत नाही. काखेपासून जांघेपर्यंत पाठीवरचे खवले एका रेषेत मोजतात. धडाच्या मध्यभागी शरीराभोवतीचे खवले मोजतात. मागच्या पायाच्या चौथ्या बोटाखालच्या पट्टिका मोजतात. वरच्या ओठावरचे खवले डोळ्याच्या मध्यापर्यंत मोजतात. नाकाच्या टोकावरच्या मोठ्या खवल्यामागे नाकपुड्यांच्या दरम्यान किती लहान खवले आहेत ते पाहतात. गळ्यावरचे आणि छातीवरचे खवले धारदार आहेत की सपाट, हे पाहतात. डोळ्यावर, भुवईच्या जागी, एक टोकदार खवला काट्यासारखा उभा असतो. तो डोळ्याच्या मध्याच्या पुढे आहे की मागे, एवढ्याशा गोष्टीवर काही ओळखतक्त्यांतला (एकेक लक्षण तपासत प्रजातीच्या नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यांतला) एखादा टप्पा अवलंबून असतो.

नराची ओळख पोटावरून होते. आपल्या हेमिडॅक्टिलसच्या नरांना मांडीवर किंवा गुदद्वारापुढे छिद्रांची रांग असते. स्फेरोडॅक्टिलसच्या नराला अशी छिद्रे नसतात. त्याऐवजी पोटाच्या मागच्या भागात वेगळ्या पोताच्या, फिकट, स्रावी खवल्यांचा ढालीसारखा एक पट्टा असतो आणि तो बहुधा दोन्ही मांड्यांवर पसरतो. त्याची रुंदी, लांबी आणि मांडीवरचा विस्तार प्रजातीनुसार बदलतो. एकाच झाडाखालून तीन-चार पाली पाहायला मिळाल्या तर मी आधी पोट पाहतो, कारण नर कोणता हे कळले की रंगातला निम्मा घोळ तिथेच सुटतो.

हाताळण्याबद्दल कळकळीने सांगतो. या पालींची कातडी अतिशय नाजूक असते. काही प्रजातींत ती पकडल्यावर चक्क फाटून निसटते, आणि स्फेरोडॅक्टिलस रूझव्हेल्टीच्या कातडीच्या या गुणधर्माचा स्वतंत्र अभ्यासही झाला आहे. चिमटीत धरू नका. ओल्या पानासह लहान पारदर्शक बाटलीत अलगद जाऊ द्या, बाटलीच्या काचेतूनच खालून-वरून फोटो घ्या, आणि पाच-दहा मिनिटांत त्याच पानांखाली सोडून द्या. बाटली क्षणभरही उन्हात ठेवू नका. एवढ्या लहान शरीराला तेवढा वेळही जीवघेणा ठरतो. बेटावर असे करण्यास परवानगी लागते का, हे तुमच्या महाविद्यालयातील प्राध्यापकांना आधी विचारून घ्या.

आता तुमच्या दोन पालींकडे परत येतो. स्प्युटेटर त्या दोहोंत मोठी असून तिची नाकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी ३९ मिलिमीटरपर्यंत जाते. तिच्या पाठीवर गडद कडांचे फिकट आडवे पट्टे हे ठळक लक्षण असले, तरी काही पालींत ते पुसट असतात आणि काहींत डोक्यामानेवर लांब रेघा दिसतात. सबानस साधारण २९ मिलिमीटरपर्यंतच वाढते. तिचा रंग तांबूस तपकिरी ते करडा असतो आणि गडद खवल्यांचे बारीक ठिपके अंगभर पसरलेले असतात, डोक्यावर विशेष दाट. तुमच्या फोटोंतील सर्वांत मोठी पट्टेदार पाल शेजारच्या नाण्याच्या मानाने ३० मिलिमीटरपेक्षा लांब दिसते, म्हणून ती स्प्युटेटर असल्याचे मी बऱ्यापैकी विश्वासाने सांगतो. ठिपकेवाल्या दोन पालींपैकी एकीच्या पोटावर नराची ढाल दिसते आणि ती लहान आहे. लहान असून प्रौढ नर, हे सबानसच्या बाजूने जाणारे चांगले चिन्ह आहे. तिसरी पाल मात्र स्प्युटेटरचे पिल्लूही असू शकेल. तिच्या पाठीचा आणि नाकाचा तिरप्या उजेडातला फोटो पाहिल्याशिवाय मी तिला नाव देणार नाही.

स्प्युटेटर या नावामागची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्वीडिश निसर्गअभ्यासक अँडर्स स्पारमन यांनी १७८४ मध्ये सेंट युस्टेशियसहून आलेल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे लासर्टा या वंशात. लॅटिनमध्ये स्प्युटेटर म्हणजे थुंकणारा. ही पाल चिडली की विषारी थुंकी टाकते आणि ती अंगावर पडली की सूज येते, अशी समजूत त्यांच्या कानावर आली होती आणि ती नावात कायमची बसली. ही पाल थुंकत नाही आणि विषारीही नाही. जगातील कोणतीही पाल विषारी नाही. आपल्याकडे दुधात पाल पडली तर विषबाधा होते, असे घरोघरी सांगतात. कॅरिबियनमध्ये पालींना ‘माबुया’ म्हणतात आणि तो शब्द मुळात कॅरिब लोकांच्या भाषेत दुष्ट आत्म्यासाठी होता. एवढ्या निरुपद्रवी प्राण्याला दोन दूरच्या समाजांत सारखाच दोष लागावा, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे: नावे का बदलतात. प्रत्येक प्रजातीचे नाव संग्रहालयातील एका ठरावीक नमुन्याशी बांधलेले असते. त्या नमुन्याला आदर्श नमुना म्हणू. नाव कोणाला लावायचे, हा प्रश्न शेवटी ‘हा प्राणी त्या नमुन्याच्या प्रजातीतला आहे का’ असा असतो. सीमा कुठे आखायची, हे मात्र पुराव्यानुसार बदलते. विसाव्या शतकाच्या मध्यात वेन किंग, रिचर्ड थॉमस आणि अल्बर्ट श्वार्ट्झ यांनी या वंशावर अफाट काम केले. हजारो नमुन्यांचे खवले मोजले आणि बेटाबेटांतील फरक उपप्रजातींच्या, म्हणजे एकाच प्रजातीतील स्थानिक गटांच्या, रूपाने नोंदवले. आज त्या उपप्रजातींवर टीका होते, पण ज्या काळात दुसरे साधन नव्हते, त्या काळात फरक कुठे आहे हे नकाशावर दाखवण्याचे काम त्यांनी अत्यंत प्रामाणिकपणे केले. आजचे जनुकीय अभ्यास त्यांच्याच नकाशांवर उभे आहेत.

पार्वसचे उदाहरण घ्या. किंग यांनी १९६२ मध्ये अँग्विला बँकेवरील या पालीला प्वेर्तो रिकोकडच्या मॅक्रोलेपिसची उपप्रजाती ठरवले होते. दोन बँकांमधील खोल समुद्र आणि खवल्यांतील फरक पुन्हा तपासल्यावर २००१ मध्ये तिला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला. मॅक्रोलेपिसचेही तसेच झाले. प्वेर्तो रिकोपासून व्हर्जिन बेटांपर्यंत पसरलेली आणि अनेक उपप्रजातींत विभागलेली एक प्रजाती, असे तिचे रूप कित्येक दशके होते. २०१९ च्या पुनरावलोकनात खवले आणि जनुके दोन्ही एकत्र पाहून मुख्य बेटावरील पालींना ग्रँडिस्क्वामिस, व्हिएकस-कुलेब्राकडील पालींना इनिगोई आणि व्हर्जिन बेटांकडील पालींना मॅक्रोलेपिस अशी विभागणी झाली. म्हणून तुमच्या जुन्या पुस्तकातील ‘प्वेर्तो रिकोची मॅक्रोलेपिस’ नव्या यादीत सापडत नाही. पुस्तक लिहिणाऱ्याची ती चूक नव्हती.

तरीही जनुकीय फरक दिसला की लगेच नवी प्रजाती, या घाईशी मी सहमत नाही. मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या घटकातील डीएनए फक्त आईकडून येतो. जे प्राणी आयुष्यभर चार-सहा मीटरच्या पलीकडे फारसे जात नाहीत, त्यांच्यात तो एकाच बेटाच्या दोन टोकांना बराच वेगळा होऊ शकतो. मधल्या भागातून नमुने घेतले तर तो फरक हळूहळू, पायरीपायरीने बदलताना दिसतो. फक्त दोन टोकांचे नमुने घेतले तर तोच फरक मोठी दरी वाटतो. म्हणून पेशीच्या केंद्रकातील जनुके, खवले आणि दोन्ही गट जिथे भेटतात तिथे काय होते, या तिन्हींचा पुरावा हवा. प्वेर्तो रिकोच्या दक्षिण भागात निकोल्सी आणि टाउनसेंडी या दोन प्रजातींत संकर होतो, हे १९८४ मध्येच जनुकीय पद्धतीने दाखवले गेले. संकर होऊनही दोन्ही आपापल्या जागी टिकून आहेत. अशा ठिकाणी सीमा कुठे आखायची हा प्रश्न खरोखरच अवघड आहे आणि तो घाईने सोडवू नये. सह्याद्रीत गेल्या दीड-दोन दशकांत निमास्पिसच्या अनेक प्रजाती वर्णिल्या गेल्या, २०१४ मधील कासची निमास्पिस गिरी आणि २०१८ मधील आंबोलीची निमास्पिस आंबोलिएन्सिस ही त्यांतली उदाहरणे. त्या कामातही दिसायला सारख्या, पण वेगळ्या डोंगरांवर अडकलेल्या पालींचा हाच प्रश्न समोर होता. बेटाच्या जागी पठार ठेवले की कॅरिबियनची पद्धत आपल्याला जवळून समजते.

हा शरीराचा घाट किती जुना आहे, याचा पुरावा हिस्पॅनिओलाच्या अंबरात, म्हणजे झाडांच्या जीवाश्म झालेल्या राळेत, आहे. सुमारे १५ ते २० दशलक्ष वर्षांपूर्वीच्या डॉमिनिकन अंबरात अडकलेल्या पालींवरून स्फेरोडॅक्टिलस डॉम्मेली ही प्रजाती १९८४ मध्ये आणि स्फेरोडॅक्टिलस सिगुआपा २०१२ मध्ये वर्णिली गेली. आजच्या पालींच्या शेजारी ठेवल्या तर त्या अनोळखी वाटत नाहीत. इतका काळ जो घाट फारसा बदललेला नाही, त्यात बारीक फरकांवरूनच प्रजाती ओळखाव्या लागणार, हे ओघानेच येते.

नावाचा परिणाम कागदापुरता राहत नाही. प्वेर्तो रिकोच्या पश्चिमेला मोनितो नावाचे अगदी छोटे, कड्यांचे बेट आहे. तिथल्या पालीला श्वार्ट्झ यांनी १९७७ मध्ये स्फेरोडॅक्टिलस मायक्रोपिथेकस ही स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णिले आणि १९८२ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत तिला संरक्षण मिळाले. पुढे बेटावरच्या उंदरांचा नायनाट करण्यात आला, पालींची संख्या सावरली आणि २०१९ मध्ये तिला त्या यादीतून काढता आले. ती शेजारच्या मोना बेटावरील पालीचेच एक रूप मानली गेली असती, तर एवढ्याशा बेटासाठी ही मेहनत झाली असती असे मला वाटत नाही.

दुसरे उदाहरण काळजीचे आहे. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडीन्समधील युनियन बेटावर गोनाटोडिस दाउदिनी ही रत्नासारख्या ठिपक्यांची पाल राहते. रॉबर्ट पॉवेल आणि रॉबर्ट हेंडरसन यांनी २००५ मध्ये तिचे वर्णन केले. वर्णन प्रसिद्ध होताच हौशी संग्राहकांची नजर तिच्यावर पडली, चोरट्या विक्रीसाठी तिची धरपकड सुरू झाली आणि २०१९ मध्ये तिचा समावेश वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात करावा लागला. स्थानिक लोकांनी पहारा ठेवला आणि संख्या सावरू लागली. त्यानंतर १ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळाने युनियन बेटाची अक्षरशः दैना केली. या प्रजातीच्या बाबतीत मी नेमके ठिकाण कधीही लिहीत नाही आणि कोणी फोटो दाखवला तर त्यातील स्थाननोंद आधी काढायला सांगतो. तुमच्या दोन पाली तशा दुर्मीळ नाहीत, पण ही सवय आतापासून लावून घ्यावी.

पुढच्या फोटोंसाठी एवढे करा. सकाळी किंवा संध्याकाळी, उजेड एका बाजूने पडेल असे बसा. पाठीचा, नाकाच्या टोकाचा वरून, गळ्याचा व पोटाचा खालून आणि मागच्या पायाच्या चौथ्या बोटाचा खालून असे पाच फोटो प्रत्येक पालीचे घ्या आणि प्रत्येकात मिलिमीटरची पट्टी दिसू द्या. बेट, उंची, कशाखाली सापडली आणि वेळ एवढी नोंद सोबत असू द्या. मेलेली पाल सापडली तर ती फेकू नका. परवानगी असलेल्या प्राध्यापकांकडे द्या आणि त्यांना सांगा की फॉर्मॅलिनमध्ये घालण्याआधी शेपटीचा किंवा यकृताचा छोटा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळा ठेवावा, कारण फॉर्मॅलिन लागल्यानंतर डीएनए नीट मिळत नाही. तिसऱ्या, अनिश्चित पालीचे असे पाच फोटो मिळाले की तिच्या पाठीवरचे खवले आपण एकत्र मोजू.